'निकाल अजून लागला नाही, बाबा'

मी समुपदेशक आहे, आणि परदेशी शिकायला गेलेल्या मुलांपायी फोन येण्याचे दोन हंगाम आता मला पाठ झाले आहेत. पहिला नोव्हेंबरातला. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, महिनाअखेरीस घड्याळं तासभर मागे जातात, दुपारी साडेचारलाच अंधारून येतं, आणि कोथरूड-सहकारनगरातल्या आया विचारू लागतात, "मॅडम, रोज फोनवर रडते हो. परत बोलावून घेऊ का?" दुसरा हंगाम मार्च-एप्रिलचा. फेब्रुवारीतल्या परीक्षांचे निकाल लागलेले असतात. तेव्हा फोन खुद्द मुलांचा येतो, आवाज दबका असतो आणि पहिलंच वाक्य असतं, "घरी सांगणार नाही ना?"

दोघांच्याही मनात खरं तर एकच शंका असते. हे पोर तिकडे एकट्याने निभावण्याइतकं खंबीर आहे का?

सायलीची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. पुण्यात इंजिनिअरिंग, हिंजवडीत थोडी नोकरी, मग जर्मनीत मास्टर्स. वडील बँकेतून निवृत्त झालेले. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, तसं इथे राहता फ्लॅट तारण होता. आम्ही शनिवारी व्हिडिओ कॉलवर बोलायचो.

"मला जमत नाहीये मॅडम. मी मुळात धीटच नाही," हे तिचं पहिलं निदान.

"मग इथपर्यंत तुला कोणी नेऊन सोडलं?"

ती हसली नाही. मी विचारत गेले, ती सांगत गेली. व्हिसाची कागदपत्रं तिनेच जमवली होती. खोली मिळेना तेव्हा अनोळखी मुलींना मेसेज करून तिने पहिले काही आठवडे काढले. नगरपालिकेत जाऊन पत्त्याची नोंदणी केली, तीही मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "पण हे तर सगळेच करतात."

ही मुलं स्वतःच्या खात्यात काही जमाच करत नाहीत. खर्च तेवढा रोज लिहितात.

खरी गोष्ट बाहेर यायला वेळ लागला. दोन विषयांत ती नापास झाली होती. तिकडे १.० सर्वांत चांगली श्रेणी, ४.० पर्यंत पास, ५.० म्हणजे नापास. सायलीच्या आयुष्यातला तो पहिला नापास शेरा. घरी तिने सांगितलं होतं, "निकाल अजून लागला नाही, बाबा." मग ते वाक्य दर आठवड्याला पुढे ढकलावं लागलं. इथली जेवणं आटोपली की रोज घरचा कॉल यायचा. त्याआधी ती टेबल आवरायची, केस विंचरायची, दिवा चेहऱ्यावर येईल असा लावायची. तपासलेला पेपर विद्यार्थ्याला पाहायला मिळतो, त्याला तिथे आइनझिख्ट म्हणतात. त्यालाही ती गेली नव्हती. प्रोफेसरांसमोर उभं राहायची लाज वाटली.

"घरी सांगितलंस तर काय होईल?"

"बाबा कोसळतील."

"असं ते म्हणाले?"

"ते काहीच म्हणत नाहीत. पण त्यांनी घर गहाण टाकलंय. मी नापास होताच कामा नये."

माझा ओढा विवेकनिष्ठ विचारसरणीकडे आहे, हे नियमित वाचकांना ठाऊक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली. घटना माणसाला जेवढं छळत नाही, तेवढं त्या घटनेबद्दल त्याने स्वतःला घातलेले दंडक छळतात, हा तिचा गाभा. सायलीला मी सिद्धान्त सांगितला नाही, एलिस यांचा एक किस्सा सांगितला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांना मुलींशी बोलायची विलक्षण भीती वाटे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की मिनिटाभरात बोलायला सुरुवात करायची, असं त्यांनी ठरवलं. ते स्वतःच सांगत की सुमारे १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणी बोलल्या. भेटायला यायचं कबूल केलं एकीने, तीही आली नाही. हिशेबाने सपशेल अपयश, पण भीती मात्र गेली. (आजच्या मुलांनी हा प्रयोग संभाजी बागेत करू नये, ही माझी पुस्ती.)

सायली खळखळून हसली. पण लगेच म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा ना बाबांना. तुमचं ते ऐकतील."

अशी विनंती मला बरेचदा होते, आणि मी ती मान्य करत नाही. समुपदेशक मध्ये पडला की घर त्या दिवसापुरतं शांत होतं, पण मूल जिथे होतं तिथेच राहतं. मी नाही म्हटलं.

"मग बाबा दुखावले तरी चालेल?"

"दुखावतीलच. पण ते दुखणं त्यांना पेलणार नाही, हे तू त्यांना न विचारता कसं ठरवलंस?"

ती बराच वेळ बोलली नाही. अशा वेळी समोरच्याला मदत करायचा मोह होतो. तो आवरणं हे माझ्या मते या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.

मग ती भलतंच बोलू लागली. "माझ्या बारावीच्या वेळी आजी आयसीयूत होती. परीक्षा संपेपर्यंत मला कोणी सांगितलं नाही. तापच आहे म्हणाले. मी इतकी चिडले होते… मला वाटलं, या घरात मला माणसांत धरतच नाहीत."

पुढचं मी बोलायची गरज उरली नाही. तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना मला दिसलं. आजीचं आजारपण घरच्यांनी जसं तिच्यापासून झाकलं, तसंच ती आता निकाल झाकत होती, आणि तेही प्रेमानेच. "म्हणजे मी बाबांना बारावीतलं पोर करून टाकलं," ती म्हणाली.

परदेशात राहून मुलं धीट होतात असं आपण सरसकट म्हणतो. रांगा, थंडी, स्वयंपाक, परकी भाषा हे सगळं अंगवळणी पडतंच. पण मला परिपक्वता दिसते ती घरी वाईट बातमी स्वतःच्या तोंडाने देता येण्यात. अनेक मुलं परक्या देशाला भीत नाहीत, घरच्या फोनला भितात.

तिने त्याच रविवारी सांगितलं. बाबांनी काहीही न बोलता फोन आईकडे दिला. काही दिवस घरात अबोला होता, सायली घाबरून मला मेसेज करत राहिली. मग एका रात्री बाबांनी विचारलं, "पेपर पुन्हा कधी देता येतो?" प्रश्न योग्य होता. बऱ्याच जर्मन विद्यापीठांत एका विषयाला साधारण तीनच संधी मिळतात. त्यानंतर अभ्यासक्रमच सोडावा लागू शकतो, म्हणून आपल्या अभ्यासक्रमाचे परीक्षा-नियम वाचावेतच. पुढच्या सत्रापासून सायली आइनझिख्टला जाऊ लागली. गुण वाढले नाहीत, चुका कुठे होतात ते कळलं. एक विषय सुटला, दुसरा अजून बाकी आहे.

पालकांनो, नोव्हेंबरातल्या रडण्यावर तिकीट काढू नका. रोज हजेरी घेऊ नका, कॉलची वेळ मुलाला ठरवू द्या. "कसं चाललंय?" विचारलं की "मस्त" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा काय शिजवलंस, झोप लागते का, कोणाबरोबर जेवतोस, हे विचारा. पैशांचं मात्र जाण्यापूर्वी एकदाच, कागद घेऊन बोला. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी आधीच पैसे भरायचे आणि दरमहा ठरावीकच काढता येणारं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो भरलेत, म्हणजे महिन्याला ९९२, कर्ज एवढं, हप्ता एवढा. एक सत्र वाया गेलं तर काय करायचं, हेही त्याच बैठकीत ठरवा. नंतर दर फोनवर हप्त्याचा विषय काढू नका.

मूल दिवसचे दिवस खोलीबाहेर पडत नसेल, जेवण-झोप सुटली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मदत मिळवा. जर्मनीत विद्यार्थ्यांसाठी स्टुडिरेंडनवेर्कची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या संस्थेची, समुपदेशन केंद्रं असतात. फोनवरून मनाला आधार देणाऱ्या टेलिफोनझेलझोर्गेची ०८०० १११०१११ ही मोफत सेवा चोवीस तास असते, आणि तातडीला ११२. इथे घरच्यांसाठी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

परत येण्याबद्दलही मला हमखास विचारतात. नापास झाल्याच्या आठवड्यात तो निर्णय घेऊ नये, एवढंच मी सांगते. शांतपणे विचार करून, घरी सगळं खरं सांगून परत आलेला माझा एक विद्यार्थी आहे. गणपतीत सगळे नातेवाईक जमले असताना काकांनी सर्वांदेखत विचारलं, "काय रे, हाकललं की काय तुला?" तो म्हणाला, "नाही काका. मला तो विषयच आवडला नाही, म्हणून मीच आलो. तुम्हाला मोदक वाढू का अजून?"