निवृत्तीच्या पैशातून भाड्यासाठी घर घ्यावे का?

प्रश्न : मी यंदा शासकीय सेवेतून निवृत्त झालो. हाती ३४ लाख रुपये आले असून, त्यांतून जुळे सोलापुरात ३० लाखांचा एक जुना फ्लॅट घेऊन तो दरमहा ९ हजारांनी भाड्याने देण्याचा विचार आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरीसमोर केला की भाडेकरूचा धोका राहत नाही, असे दलाल सांगतो. पुण्यातला मुलगा मात्र नको म्हणतो. काय करावे? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या मुलाचा नकार आम्हाला योग्य वाटतो, निदान या आकड्यांवर तरी. वर्षाचे भाडे १ लाख ८ हजार होते. त्यातून भाडेकरू बदलताना घर रिकामे राहील तो एक महिना आणि घरपट्टी, सोसायटीचा देखभाल खर्च, रंगकाम व नळदुरुस्ती यांचे पंचवीसेक हजार वजा केले, तर ७४ हजार उरतात, म्हणजे ३० लाखांवर जेमतेम अडीच टक्के. शिवाय खरेदीचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च भरल्यावर आपल्याजवळ आजारपणासाठी फारसे काही उरणार नाही, आणि फ्लॅटची एक खोली विकून दवाखान्याचे बिल भरता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १ एप्रिल २०२३ पासून ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते व व्याज दर तिमाहीला मिळते. निवृत्तीच्या पैशाचा मोठा भाग आधी तिथे ठेवावा आणि घराचा विचार उरलेल्या रकमेत बसणाऱ्या लहान जागेपुरता करावा.

दलालाचे म्हणणे मात्र सरळ चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी शुल्क घेऊन घर वापरण्याची केवळ परवानगी देणारा), तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. मुदत अकरा महिन्यांची असली तरी यातून सूट नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून, ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून गंभीर बाब अशी की, नोंदणी नसताना वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उलट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. ही नोंदणी ऑनलाइनही होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्यावी.

घर पाहायला जाताना दुपारी, उन्हाच्या वेळी जावे आणि तळमजल्यावरची पाण्याची टाकी आधी पाहावी. नळाला रोज पाणी न येण्याचा अनुभव सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. साठवण अपुरी असलेल्या इमारतीत चांगले कुटुंब टिकत नाही आणि घर वारंवार रिकामे पडते. राहणाऱ्याच्या जिवाची काळजी तर मालकाने स्वतःहून घ्यावी, हे आम्ही आग्रहाने सांगतो. इथल्या उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर दिवसरात्र चालतो, म्हणून अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे आणि गळतीचा प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर कदापि ठेवू नये. त्यातून साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.

कोणतीही जागा घ्यायची ठरलीच, तर मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा आणि महापालिकेचा वापर परवाना मागावा. शहराच्या कडेला गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय लहान तुकडे पाडून विकलेले, भूखंड पुष्कळ असल्याने तिथे नियमितीकरणाचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. आपण स्वतः नेमलेल्या वकिलाने, दलालाने सुचवलेल्या नव्हे, मागील तीस वर्षांची मालकी व बोजे तपासून शोध अहवाल दिल्यानंतरच इसाराची रक्कम द्यावी, आणि तीही धनादेशाने.