साठ टाइल उरल्या की अडकतो, हे नशीब नाही बापा

प्रश्न वाचला भाऊ तुझा. सुरुवात धडाक्यात होते, दणादण जोड्या उडतात आणि साठ-सत्तर टाइल उरल्या की 'नो मूव्हज' येतं, आईला शिकवायला गेलास तर तिचंही तसंच होऊन राहिलं, म्हणून तू विचारतोस की हा माहजाँगचा गेम, म्हणजे थप्पीतून सारख्या चित्रांच्या जोड्या काढत सगळ्या टाइली संपवायचा, नशिबाचा आहे का डोक्याचा. थोडासा नशिबाचा आहे, खोटं नाही बोलणार. पण दर वेळी तिथंच अडकत असशील तर तू दिसेल ती जोडी उचलून राहिलास, दुसरं काही नाही. मीपण दोन वर्षं तेच केलं.

मी नागपूरच्या इतवारीत धान्याच्या दुकानात बसतो. मे महिन्यात दुपारी एक ते चार कोण येते गिऱ्हाईक, ४५ डिग्रीत, मग कूलर घुमत असतो आणि मी फोनवर टाइली काढत असतो. मला तर नियमच मुळी समोरच्या पोत्यांच्या थप्पीवरून डोक्यात बसला. हमाल कोणतं पोतं ओढतो? ज्याच्या डोक्यावर दुसरं नाही आणि निदान एक बाजू मोकळी आहे ते. टाइलचंही तेच, वर काही नको आणि डावी नाहीतर उजवी बाजू मोकळी पाहिजे. आगेमागे दुसरी टाइल चिकटून असली तरी चालते. काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, सगळ्यात आधी हे समजव, की टाइल दिसते म्हणजे निघते असं नाही, नाहीतर त्या बोट दाबत बसतील आणि म्हणतील फोन बिघडला.

मग चित्रं. एकूण १४४ टाइली, म्हणजे ७२ जोड्या. गोट्या, बांबू आणि चिनी अक्षरं, प्रत्येकाचे १ ते ९ आकडे आणि प्रत्येक आकडा चार वेळा, झाल्या १०८. चार दिशांच्या १६, तीन ड्रॅगनच्या १२. उरल्या आठ, चार फुलं आणि चार ऋतू, आणि इथंच सगळे नवीन लोक फसतात कारण यांची चित्रं वेगवेगळी असतात पण कोणतंही फूल कोणत्याही फुलाशी जुळतं, कोणताही ऋतू कोणत्याही ऋतूशी, फक्त फूल आणि ऋतू एकमेकांशी नाही. बांबूचा १ म्हणजे बांबू नसतोच, पक्षी असतो. आमची ही त्याला 'कोंबडी' म्हणते आणि खरं सांगतो, एकदा नाव पडलं की टाइल पटकन सापडते, काकूंनाही नावं ठेवू दे त्यांच्या मनानं. चिनी अक्षरांत १, २, ३ सोपे, तेवढ्याच आडव्या रेघा. घोटाळा होतो ४ आणि पश्चिम दिशा यांच्यात, दोन्ही खिडकीच्या चौकटीसारखे दिसतात. ४ च्या खाली अजून एक अक्षर असतं, बहुतेक लाल रंगात, दहा हजारवालं, ते पाहायचं. पश्चिमेच्या खाली काही नसतं.

आता खरी गोष्ट. प्रत्येक चित्र चार वेळा आहे हे तू विसरून राहिलास. तू जोडी पाहतो, पाहायची असते चौकडी.

माझाच एक डाव सांगतो. ५ गोट्यांच्या तीन टाइली मोकळ्या होत्या. एक डाव्या कडेला, एक खालच्या ओळीच्या उजव्या टोकाला आणि तिसरी मधल्या थप्पीवर बसलेली. चौथी कुठंच दिसत नव्हती. हात आपोआप कडेच्या दोघींकडे गेला कारण त्या सुट्या, सरळ समोर. टक टक, गेल्या. पंधरा-वीस जोड्यांनंतर पाहतो तर चौथी ५ गोट्या त्या थप्पीवरच्या तिसरीच्या बरोब्बर बुडाखाली. आता वरची काढायला जोडीदार पाहिजे खालची, आणि खालची निघेल वरची हलल्यावर. संपलं ना बे! डाव तर त्या टक टकलाच मेला होता, मी उगाच दहा मिनिटं मेलेला डाव खेळत बसलो आणि वरून नशिबाला शिव्या दिल्या.

म्हणून तीन मोकळ्या दिसल्या की उचलायच्या दोघींपैकी एक ती पाहिजेच जी कशाच्या तरी डोक्यावर बसली आहे. दोन थप्पीवर असतील तर त्या दोन घे आणि कडेची ठेव राखून, ती कुठं पळत नाही. चारही मोकळ्या असल्या तर विचारच नको, चारही उचल. आधी एक जोडी गेलेली असेल आणि उरलेल्या दोन आता दिसल्या तरीही डोळे मिटून घे, त्यांना दुसरा जोडीदार नाहीच. डोकं लावायचं ते फक्त दोन किंवा तीन मोकळ्या असतील तेव्हा, आणि तेव्हा एकच विचार, ही काढली तर खालून किंवा बाजूनं नवीन काय उघडते? काहीच उघडत नसेल तर ती जोडी तुझी शिल्लक समज, अडचणीत कामी येते.

कासवाची मांडणी येते ना सगळ्यात आधी, तिच्यात खाली ८७ टाइली, त्यावर ३६, मग १६, मग ४ आणि शेंड्यावर १. शेंड्यावरची एकटी चौघींना दाबून बसते, ती लवकर काढ. डाव्या टोकाची एकटी मधल्या दोन लांब ओळींचं तोंड बंद करते, उजवीकडे तर दोन एकामागे एक आहेत, त्याही लवकर. तळाच्या थरात अगदी वरच्या कडेच्या आणि अगदी खालच्या कडेच्या ओळीत बारा-बारा टाइली, त्यांच्यावर काहीच नाही म्हणून त्या सोप्या वाटतात आणि आपण सुरुवातीला त्याच खात सुटतो. चूक. तिथल्या टाइली थप्पीवरच्यांना जोडीदार म्हणून लागतात, आपसातच उडवल्या तर मधला डोंगर जागचा हलत नाही. पण त्या ओळी अजिबात सोडूनही चालत नाही, कारण त्या फक्त टोकांकडूनच उघडतात.

हिंटचं बटन दाबू नको. ते कोणतीही एक जोडी दाखवतं, चांगली जोडी नाही. शफल, म्हणजे उरलेल्या टाइली पुन्हा पिसणं, ते तर मी हार समजतो, कोणी काही म्हणो. अनडू मात्र बिनधास्त वापर, शिकायला त्याच्यासारखं काही नाही, अडकलास की मागे मागे जा आणि नेमकी कोणती जोडी घेतल्यावर दोर कापला गेला ते शोध. आणि हो, काही ॲप टाइली नुसत्या पिसून टाकतात, त्यातले काही डाव कोणाच्याच बापाला सुटत नाहीत. काही ॲप उलटीकडून जोड्या मांडत जातात, तिथं निदान एक वाट नक्की असते, तुला ती चुकवायची पूर्ण मुभा असते ते वेगळं. सेटिंगमध्ये 'सॉल्व्हेबल', म्हणजे सुटणारेच डाव, असं काही असलं तर चालू कर.

प्ले स्टोअरवर सात खणांचा ट्रे असलेला आणि तीन-तीन जुळवायचा गेम दिसेल, तो वेगळा, काकूंच्या फोनमध्ये तोच तर नाही ना ते पाहून घे.

आणि 'हजारो वर्षं जुना चिनी खेळ' असं जाहिरातीत येतं त्यावर जाऊ नको. चार जणांचा माहजाँग चीनमधला, तोही १९ व्या शतकातला. हा एकट्यानं खेळायचा प्रकार १९८१ मध्ये ब्रॉडी लॉकार्ड नावाच्या अमेरिकन माणसानं प्लेटो नावाच्या कॉम्प्युटर सिस्टिमवर बनवला. तो जिम्नॅस्ट होता, ट्रॅम्पोलिनवरच्या अपघातात मानेखालचं शरीर गेलं, तोंडात काडी धरून टायपिंग करायचा. १९८६ मध्ये ॲक्टिव्हिजन कंपनीनं तोच 'शांघाय' नावानं बाजारात आणला. शफल दाबायला हात शिवशिवतो तेव्हा मला हा माणूस आठवतो.

काकूंना आज पूर्ण डाव नको देऊ. पहिल्या वीस जोड्या तू त्यांच्या शेजारी बसून खेळ, प्रत्येक जोडीच्या आधी त्यांना विचार की हिच्या बाकीच्या दोन कुठं आहेत. आणि खेळताना नेट बंद ठेव, नाहीतर मध्येच जाहिरात येते आणि काय शोधत होतो तेच विसरते माणूस.