'गुहागर होमस्टे' एकवीस वेळा

प्रश्न : मी बी.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मामाच्या गुहागरच्या होमस्टेची वेबसाइट मीच लिहिली, पण गूगलवर ती कुठेच दिसत नाही. त्यातून एसइओ, म्हणजे गूगलच्या शोधात पान वर आणण्याचं तंत्र, शिकावंसं वाटू लागलंय. एक क्लास 65 हजार रुपये मागतोय, 'पहिल्या नंबरची हमी' म्हणतो. बाबा म्हणतात, मुकाट बी.एड. कर. काय करू? (पानाची लिंक सोबत दिली आहे.)

उत्तर : आधी क्लासचं बोलू. ते पैसे भरू नकोस. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच सांगतं. सुरुवातीला लागेल तेवढं गूगलच्या एसइओ मार्गदर्शिकेत फुकट वाचायला मिळतं.

तुझं पान वाचलं. 'गुहागर होमस्टे' हे शब्द मोजले, एकवीस वेळा आलेत, आरतीतल्या ध्रुवपदासारखे. वर कीवर्ड मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या शब्दांच्या यादीत, आणखी तीस शब्द कोंबलेत. तो टॅग आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, असं गूगलने 2009 मध्येच जाहीर केलं होतं. 2011 मध्ये गूगलच्या क्रमवारीत पांडा नावाचा बदल आला आणि पोकळ मजकुराची पानं धडाधड खाली गेली. तू त्याआधीच्या जमान्यातलं काहीतरी वाचून लिहिलेलं दिसतंय.

आता 'निसर्गाच्या कुशीत वसलेले' हे वाक्य घे. बोरिवलीहून दोन मुलं आणि गुडघे दुखणारी सासू घेऊन निघालेल्या बाईला त्यातून काय कळतं? तिला हवंय ते वेगळंच. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, समुद्र चालत किती मिनिटांवर, चिपळूण स्टेशनवरून एसटी मिळते की गाडी करावी लागते, मासे न खाणाऱ्याला ताटात काय, मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात का. यातलं एकही उत्तर पानावर नाही. दर आहेत, पण बॅनरच्या फोटोत! ते साध्या मजकुरात लिही. पानाच्या शीर्षकात नुसतं 'मुख्यपृष्ठ' आहे, तिथे गाव आणि सोय दोन्ही येऊ दे.

हे प्रश्न मामीला फोनवर रोज विचारले जात असणार. तिच्याजवळ महिनाभर एक वही ठेव आणि लोक विचारतात त्याच शब्दांत लिहून घे. कीवर्ड रिसर्च म्हणतात तो मुळात हाच, टूल नंतर येतं. मराठीची विद्यार्थिनी म्हणून तुझा खरा फायदाही इथेच आहे. एकच माणूस 'राहण्याची सोय' कधी देवनागरीत टाइप करतो, कधी इंग्रजी अक्षरांत, कधी फोनला तोंडी सांगतो. हे बारकावे ऐकणारा कान तुला आयता मिळालाय.

एआयने सगळं लिहून टाकलं तर, ही भीती तू विचारली नाहीस, पण मुलाखतीत निघेलच. क्रमवारीसाठी ढिगाने पाडलेली पानं गूगलने मार्च 2024 पासून स्पॅममध्ये धरली आहेत, मग ती यंत्राने लिहिलेली असोत की माणसाने. त्याच वर्षी भारतात गूगलच्या शोध-निकालांच्या वर एआयचं आयतं उत्तर दिसू लागलं. त्यामुळे 'कोकणात कधी जावं' छापाच्या लेखांना फारसं भवितव्य मला दिसत नाही. मामीच्या वहीतलं मात्र यंत्राला कुठून कळणार?

नोकरी 'कंटेंट रायटर' किंवा 'एसइओ एक्झिक्युटिव्ह' या नावाने शोध. सुरुवातीच्या पगाराची फार स्वप्नं बघू नकोस. काही ठिकाणी दिवसाला चार लेख पाडायला लावतात, तिथे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहू नये. सर्टिफिकेटपेक्षा केलेलं काम दाखवता आलं तर मुलाखत सोपी जाते. म्हणून सर्च कन्सोल, म्हणजे लोकांनी काय शोधलं तेव्हा तुझं पान दिसलं ते दाखवणारं गूगलचं साधन, आजच जोड, तेही फुकट आहे.

बाबांशी भांडू नकोस. बी.एड. सीईटीचा फॉर्म भर. परीक्षेचा अभ्यास आणि एका पानाची दुरुस्ती एकत्र जमण्यासारखी आहे.

वही भरली की पान नव्याने लिही आणि मला पाठव. आकडे दाखवताना मे महिन्याचे किंवा दिवाळीचे वाढलेले क्लिक दाखवू नकोस, तेव्हा गुहागर शोधणारेच वाढतात. 'तळमजल्यावर खोली' असं कोणी शोधलं आणि तुझं पान दिसलं का, तेवढं दाखव.