मुंबईत विणकाम, क्रोशा, सूतकताई आणि फेल्टिंग नेमकं कोणाकडून शिकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुंबईत राहता, नोकरी करता, विणकाम, क्रोशा, सूत कातणं आणि फेल्टिंग (लोकर चोळून किंवा सुईने टोचून घट्ट जमवणं) हे चारही शिकायचंय, व्हिडिओ बघून जमत नाहीये, तर अनुभवी शिक्षक कुठे भेटतील आणि सुरुवात कशापासून करू.

ताई, मी पुरुष आहे, मुलुंडला राहतो, बँकेत आहे आणि डावखुरा आहे. डावखुरा असण्याचा पुढे संबंध येणार आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो. सिगरेट सोडली तेव्हा हाताला काहीतरी चाळा हवा होता, बडीशेप चघळून चघळून कंटाळलो, म्हणून सुया हातात घेतल्या. त्याला आता सहा वर्षं झाली. चारही गोष्टी थोड्याफार येतात, फेल्टिंग सगळ्यात कमी.

पहिली चूक मी पैसे भरून केली. एका कॅफेतलं तीन तासांचं क्रोशाचं वर्कशॉप. आम्ही पंधरा जण, शिकवणारी एकच मुलगी, बिचारी टेबलाटेबलावर धावत होती. करंगळीएवढी जाड लोकर, भलामोठा हुक आणि करायचा काय तर कपाखाली ठेवायचा कोस्टर. ज्याचं अडलं त्याचा हुक ती स्वतःच्या हातात घ्यायची, भराभर चार खांब (क्रोशाचे उभे टाके) घालायची आणि परत द्यायची. शेवटी सगळ्यांचे कोस्टर झाले, फोटो निघाले, स्टोऱ्या पडल्या. घरी येऊन दुसरा करायला बसलो तर सुरुवातीची साखळीसुद्धा आठवेना, कारण पहिला कोस्टर मी केलाच नव्हता ना.

मग आमच्याच बिल्डिंगमध्ये बी विंगला एक काकू आहेत त्यांच्याकडे गेलो. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून रिटायर झालेल्या, आता ८० च्या पुढे आहेत. बिल्डिंगमध्ये कुणाकडे बारसं असलं की बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे त्यांच्या हातचे हे ठरलेलं. म्हणाल्या, "बायकोसाठी विचारतोयस का?" म्हटलं नाही, मलाच शिकायचंय. "बरं. रविवारी चारला ये. लोकर फिक्या रंगाची आण, काळी आणू नकोस, मला टाके दिसत नाहीत आणि तुलाही दिसायचे नाहीत."

आता एक खरं सांगतो, काकू विणतात अप्रतिम पण सुरुवातीला त्यांना शिकवता येत नव्हतं. पहिले दोन रविवार "असं घ्यायचं, असं काढायचं, झालं" यापुढे गाडी सरकेना. पन्नास-साठ वर्षं हात चालतोय, आता हात काय करतो ते त्यांना स्वतःलाच सांगता येत नाही, आपल्याला चालताना कुठला पाय कधी उचलतो ते सांगता येतं का तसंच. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, काकू, तुम्ही विणून दाखवू नका, मी विणतो, तुम्ही बघत बसा आणि चुकलं की थांबवा. तिथून माझं शिकणं सुरू झालं. कारण दुसऱ्याची चूक त्यांना एका नजरेत कळते, अगदी भाजी निवडता निवडता कळते.

उदाहरण देतो. मी ३० टाके घालून सुरुवात करायचो आणि दहा-बारा ओळींनी मोजले की ३७ व्हायचे. यूट्यूबवर शोधून शोधून थकलो, सगळे सांगतात टाके मोजत जा, अरे पण मोजून कळतं की वाढलेत, का वाढले ते कुठे कळतं! काकूंनी एक ओळ बघितली आणि म्हणाल्या, ओळ उलटवल्यावर धागा सुईच्या वरून मागे ओढतोयस. तसं केलं की कडेचा पहिला टाका ताणून वर येतो आणि सुईवर एकाच्या जागी दोन दिसतात, मी भोळेपणाने दोन्ही विणत होतो. धागा खाली ठेवून सुरू कर म्हणाल्या. संपला विषय. माझ्या व्हिडिओवाल्या बाईला माझा धागा कुठे आहे ते दिसणार कसं?

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. महिनाभराने माझा एक हात लांब मफलर झाला होता, एकदम सरळ, कडा वगैरे नीट, आणि मी जरा फुशारकी मारत होतो. काकूंनी तो हातात घेतला, चष्मा वर केला आणि मधला एक टाका सुईवरून सोडून दिला. मुद्दाम! आणि दोन्ही बाजूंनी कापड असं ताणलं की टाका सरसर सात-आठ ओळी खाली गेला. मला घाम फुटला. सुटलेल्या टाक्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसते, एकेक आडवा धागा म्हणजे एकेक ओळ. त्यांनी क्रोशाची सुई माझ्या हातात दिली आणि स्वतःचे हात पदराखाली घेतले. खालच्या फासात समोरून सुई घालायची, त्याच्या लगेच वरची पायरी पकडायची, फासातून ओढून घ्यायची, की एक ओळ वर आलो. परत तेच. आठ पायऱ्या चढायला मला वीस मिनिटं लागली, त्यात एकदा दोन पायऱ्या एकदम पकडल्या गेल्या, परत उतरलो. पण त्या वीस मिनिटांत सुलट टाका म्हणजे काय, उलट टाका म्हणजे काय (दोन्ही एकच, फक्त पुढून आणि मागून बघितलेले) हे जे डोक्यात बसलं ते बसलं. तोपर्यंत मी फक्त पाठ केलं होतं.

म्हणून शिक्षक निवडताना माझी परीक्षा एकच. शिकवणारी व्यक्ती चुकलेलं तुमच्याकडून दुरुस्त करून घेते का, की स्वतः घेऊन नीट करून देते? जी करून देते ती प्रेमळ असेल पण तिच्याकडे शिकून होणार नाही. आणि उसवायला लावणारी असेल तर डोळे झाकून जा.

क्रोशा मी दुसऱ्याच ठिकाणी शिकलो. काकूंना येतो, पण माझा डावा हात बघून त्या गोंधळायच्या. सुयांच्या विणकामात डावं-उजवं फार अडत नाही, दोन्ही हात कामाला असतात, मी सगळ्यांसारखंच शिकलो. क्रोशात सुई एकाच हातात असते त्यामुळे तिथे अडतं. ऑफिसमधल्या मित्राची आई मालाडला ओर्लेमला राहते, या आंटी चर्चमधल्या ऑल्टरच्या (वेदीच्या) कापडाला लेस करतात, २० नंबरचा पांढरा दोरा आणि टाचणीपेक्षा जरा जाड अशी स्टीलची सुई. मी शेजारी बसायला गेलो तर म्हणाल्या, बाजूला नको, समोर बस, मी आरसा. बस एवढंच. त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर, आणि सगळं सरळ दिसायला लागलं. कोणी डावखुरं वाचत असेल तर हे लक्षात ठेवा. उजव्या हाताचे असाल तर मात्र शेजारीच बसा.

आंटींकडे जायच्या आधी मी एका इंग्रजी पॅटर्नवरून भाचीसाठी टोपी केली होती, ती नारळाला बसली. कारण अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला इंग्लंडमध्ये डबल म्हणतात, आणि अमेरिकेतला डबल म्हणजे इंग्लंडमधला ट्रेबल. पॅटर्न अमेरिकन, मी शिकलेले व्हिडिओ ब्रिटिश, सगळे खांब बुटके झाले. पॅटर्न घेताना आधी कुठल्या देशाचा आहे ते बघा. मुका खांब, खांब अशी आपली नावं घेऊन बोलणारी बाई भेटली तर हा घोळच नाही.

सूत कातण्याचं म्हणाल तर त्याची ओढ मला आजोबांमुळे. ते लालबागच्या मिलमध्ये थ्रॉसल म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते, ८२ च्या संपापर्यंत. आयुष्यभर सूत काढलं पण घरात एक तकलीसुद्धा नव्हती, विचारलं असतं तर हसले असते. मला शिकवलं एका ओळखीच्या सर्वोदयवाल्या आजोबांनी, पेटी चरख्यावर. हा चरखा येरवडा जेलचा, गांधीजी तिथे असताना त्याला आकार आला, मिटला की सुटकेसएवढा, मुंबईच्या घरात मावेल असा. चरख्याचं चाक उजव्या हाताने फिरवतात आणि पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी) डाव्या हातात धरतात. म्हणजे नाजूक काम सगळं डाव्या हाताचं! आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू माझ्यासाठी बनवलीय असं वाटलं. तरी पहिले आठ दिवस दर वितीला धागा तुटत होता. ओढ आणि पीळ यांचा मेळ बसावा लागतो, ओढ जास्त झाली की तुटतो, पीळ जास्त झाला की वेटोळी होतात. सर्वोदयवाले आजोबा म्हणायचे पेळू दाबू नकोस, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा धर. मी टूथपेस्टसारखा दाबत होतो.

जमलं तर गावदेवीला मणिभवनला एकदा जाऊन या, १९१७ ते १९३४ मध्ये गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे. तिथला एक किस्सा त्यांनी स्वतःच लिहून ठेवलाय. चरखा मिळाला, पण पेळू कुठून आणायचे ते कळेना. घराखालून रोज एक पिंजारी तार वाजवत जायचा, गाद्यांचा कापूस पिंजणारा. त्याला बोलावलं, तो पेळूसाठी कापूस पिंजून द्यायला तयार झाला पण भाव चांगलाच लावला, आणि तो दिला गेला. म्हणजे बघा, शिकायला निघालेल्या माणसाला गांधीजी असले तरी रस्त्यावरच्या कारागिराला वर बोलवावंच लागलं, आणि मुंबईतला कारागीर तेव्हाही भाव कमी करत नव्हता.

फेल्टिंग शेवटी शिका, आणि त्याच्या आधी तुमच्याकडची लोकर जाळून बघा. मस्करी नाही करत. आपण दुकानात जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. मी भुलेश्वरहून "लोकर" आणली, गरम पाणी, साबण, तासभर चोळली, हात लाल झाले आणि ती जशीच्या तशी. काकूंना दाखवली तर त्यांनी एक तुकडा तोडून चिमट्यात धरला आणि काडी लावली. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, भुरभुरीत राख होते आणि आपणहून विझते. मेंढीच्या केसावर बारीक खवले असतात, गरम पाण्यात साबण लावून चोळलं की ते एकमेकांत अडकत जातात आणि परत सुटत नाहीत. प्लॅस्टिकला खवले नाहीत, तर अडकणार काय? आमच्या घरी अस्सल फेल्टिंग नकळत झालेलं आहे, मनालीहून आणलेला शुद्ध लोकरीचा स्वेटर बायकोने वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला आणि बाहेर आला तो तिसरीतल्या मुलाच्या मापाचा, पुठ्ठ्यासारखा जाड. काश्मीरचा नमदा (जमवलेल्या लोकरीचा गालिचा) याच तत्त्वावर होतो, फक्त ते मुद्दाम करतात. खाचांच्या सुईने टोचून करायचं फेल्टिंग पण आहे, छोटे प्राणी वगैरे होतात, सुई सरळ घाला आणि सरळ काढा, तिरकी केली की तुटते, आणि खाली स्पंज ठेवा नाहीतर मांडीत घुसते. अनुभव आहे. घाई करू नका एवढ्यासाठी म्हणतोय की विणलेलं शंभर वेळा उसवता येतं, फेल्ट एकदा बसलं की बसलं.

चारही एकदम सुरू करू नका हो, मी करून बघितलंय, चार अर्धवट पिशव्या कपाटावर बसल्या होत्या. एक हिवाळा (म्हणजे आपल्याकडे जे काही पंधरा दिवस असतात ते) सोडा, एक पूर्ण वर्ष सुया किंवा क्रोशा यातलं एकच. लोकलमध्ये नेणार असाल तर क्रोशा, एकच सुई, मध्येच उतरावं लागलं तर सुटणारा फासही एकच. सुया असतील तर गर्दीत शेजारणीच्या कोपराशी भांडण ठरलेलं. मे महिन्यात घामाने ॲक्रिलिक सुईला चिकटतं, तेव्हा सुती धागा घ्या आणि सुया बांबूच्या.

शिक्षक शोधायला गुगल नको. तुमच्या स्टेशनजवळ लोकर-दोरे विकणारं जे जुनं दुकान असेल तिथे दुपारी जा, गर्दी नसताना, एक गुंडा विकत घ्या (नुसतं विचारायला जाऊ नका, बरं दिसत नाही) आणि मालकाला विचारा की तुमच्याकडून सगळ्यात जास्त लोकर कोण नेतं. त्याला माहीत असतं. महिला मंडळात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर पण विचारा. पैशाचं आधीच बोलून घ्या, आमच्या काकूंनी पैसे घेतले नाहीत, त्यांना मी दर रविवारी गॅस, लाइट बिल, जुन्या फोनवरचे ओटीपी हे सगळं करून देतो, आणि या महिन्यात त्यांचे डोळे थकल्यामुळे ए विंगच्या बारशाचं टोपडं माझ्याकडे आलंय. कड अजून वाकडी येतेय, काल परत उसवायला लावलं.