साखर उतरली तरी किडनी कशी काय बिघडली?

प्रश्न : आईचं वय 61, डायबेटिस 14 वर्षांपासून. मागच्या वर्षी एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट) 8.2 होतं, आता 6.4 आलंय, घरात सगळे खूश होते. पण संध्याकाळी पाय सुजतात, क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) 1.8 आणि हिमोग्लोबिन 9 आलंय. डॉक्टर म्हणतात किडनी कमजोर झालीय. शुगर एवढी छान असताना असं कसं?

उत्तर : ताई, गोळ्या त्याच, जेवण तेच आणि एचबीएवनसी आपोआप खाली आलं असेल तर कृपया त्यावर खूश होऊ नका. इन्सुलिनचा बराचसा निचरा किडनीतून होतो, ती थकली की इन्सुलिन आणि काही गोळ्यांचा असर अंगात जास्त वेळ टिकतो, म्हणून साखर उतरते, आजार बरा झाला म्हणून नाही. दुसरं म्हणजे एचबीएवनसी मोजतात ते तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर, या पेशी साधारण 120 दिवस जगतात, पण किडनीच्या आजारात त्या लवकर मरतात त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो, आणि रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतील तर अजूनच. (लोह कमी असेल तर उलट, खोटा जास्त.) म्हणून आईची साखर घरी ग्लुकोमीटरवर बघा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर 2 तासांनी, वहीत लिहून ठेवा.

किडनीचं खरं चित्र दोन टेस्टमधून कळतं. सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, म्हणजे लघवीतून किती प्रोटीन गळतंय ते, 30 च्या आत नॉर्मल, 300 च्या वर गेलं तर धोका बराच वाढलेला. आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, तो आईच्या वयाला आणि क्रिएटिनिनला 30 च्या आसपास येतो, 15 च्या खाली गेला की किडनी फेल म्हणतात. म्हणजे अजून हातात वेळ आहे, तो घालवू नका! लघवीची टेस्ट तर डायबेटिस असलेल्या प्रत्येकाने दरवर्षी करायला हवी, स्वस्त आहे तरी आपल्याकडे राहूनच जाते याचं फार वाईट वाटतं.

आई मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना तिचा डोस विचारा, ईजीएफआर 30 च्या खाली गेला तर ती बंद करतात. डापाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्या दुसऱ्या गोळीबद्दलही विचारा, किडनीचा ऱ्हास ती मंदावते हे 2020 च्या मोठ्या चाचणीत दिसलंय. बीपी सांभाळा, गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, त्यांचा किडनीला त्रास होऊ शकतो. आणि आईला अचानक घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर लगेच साखर तपासा, 70 च्या खाली असेल तर साखरपाणी द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस कमी करायचा का ते विचारा.