शाळेतल्या मुलांना ऑपेराची तोंडओळख कशी करून द्यावी?

आठवी-नववीच्या वर्गासाठी तुम्हाला पाच तासिका मिळाल्या आहेत, स्लाइड्स तयार करताय, आणि सुरुवात इतिहासापासून करावी की आवाजांच्या प्रकारांपासून असा तुमचा पेच आहे. शेवटी जाता जाता विचारलंय, "मराठी माध्यमाच्या मुलांना परकी भाषा झेपेल का?" नुसता पहिला प्रश्न असता तर मी वाचून पुढे गेले असते. हा शेवटचा मात्र मला जुना झोंबलेला आहे.

आधी तुमचा पेच. इतिहास नको आणि सोप्रानो-टेनर-बासचा (स्त्रीचा उंच, पुरुषाचा उंच आणि पुरुषाचा खर्जातला आवाज) तक्ताही नको. पहिल्या दहा मिनिटांत मुलांच्या कानावर कुणाचं तरी मागणं पडलं पाहिजे. कुणाला तरी काहीतरी हवंय, ते मिळत नाहीये, आणि म्हणून तो माणूस गातोय. ऑपेराची सुरुवात करणारी इटलीतल्या फ्लोरेन्समधली १६०० च्या आसपासची मंडळी, संगीतकार माँटेवेर्दीचा १६०७ चा 'ऑर्फेओ' हे सगळं मी शेवटच्या तासिकेला सांगते. तोवर मुलं स्वतःच विचारतात, की हे खूळ पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं.

मी गिरगावातल्या एका मराठी शाळेत संगीत शिकवत होते. आमची कितीतरी मुलं रोज ऑपेरा हाऊसच्या स्टॉपवर उतरायची. १९१० च्या सुमारास उभी राहिलेली ती इमारत, जिथे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांची गाणी झाली, ती १९९३ मध्ये बंद पडली. २०१६ च्या ऑक्टोबरात ती पुन्हा उघडली आणि मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. त्या आठवड्यात नववीच्या वर्गाने मला विचारलं, "बाई, ऑपेरा म्हणजे आत नक्की काय करतात?" मुलांनी आपणहून विचारलेला प्रश्न शिक्षकाने सोडायचा नसतो. मी मुख्याध्यापिकांकडून काही तासिका मागून घेतल्या आणि मोझार्टचं जर्मन भाषेतलं ऑपेरा 'मॅजिक फ्लूट' निवडलं.

पहिल्या दिवशी गोष्ट अर्धीच सांगितली. राजपुत्र तामिनो, त्याच्यामागे लागलेला अजगर, त्याला वाचवणाऱ्या तीन स्त्रिया, आणि मग येणारी रात्रीची राणी. तिच्या मुलीला सारास्त्रो नावाच्या माणसाने पळवून नेलंय. ती रडते, तामिनोला म्हणते, माझी मुलगी सोडवून आण. तिचं पहिलं गाणं ऐकवलं आणि वर्गाला विचारलं, राणीला मदत करायची का? सगळ्यांचे हात वर.

दुसऱ्या दिवशी तिचं दुसरं गाणं ऐकवलं, अर्थ अजिबात न सांगता. या गाण्यात ती मुलीच्या हातात खंजीर देते आणि बजावते, की सारास्त्रोला मारलं नाहीस तर तू माझी मुलगी नाहीस. यातला एक शब्दही मी फोडला नव्हता. गाणारीचा आवाज मधेच शब्द सोडून देतो आणि नुसत्या सुरांचे टोकदार तुकडे फेकत वर जातो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा तार षड्ज जिथे असतो, त्याच्याही वर जवळपास पावणेदोन सप्तकं. वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, ही कालचीच आहे ना? काल रडत होती ते दाखवायला होतं. आज खरी चिडलीये."

जर्मनचा गंध नसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीने हे केवळ कानाने ओळखलं. त्यानंतर वर्गात जो वाद पेटला, की मग राणी पहिल्यापासून खोटारडी होती का, सारास्त्रो चांगला की वाईट, आई अशी धमकी देऊ शकते का, तो मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी थांबेना.

त्या दिवशी पाठ निरीक्षणासाठी एक ज्येष्ठ सर मागे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तक्त्यावर शेरा मारला: भाषा समजत नसताना आस्वाद शक्य नाही, विषय मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचा. स्टाफरूममध्ये वर म्हणाले, "किंचाळणं आहे हो ते. आपलं संगीत नाटक काय वाईट आहे?"

संगीत नाटकावर माझा जीव आहे, म्हणूनच त्यांचं म्हणणं मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. ख्यालाच्या बऱ्याचशा बंदिशी ब्रज भाषेतल्या. द्रुतात त्यातले किती शब्द आपल्याला लागतात? तरी मैफलीत आपण मान डोलावतो, तेव्हा आवाक्याबाहेरचं आहे असं कुणी म्हणत नाही. हीच मुलं कोरियन गाणी पाठ म्हणतात. भाषेचा अडसर मुलांना नसतो. तो मोठ्या माणसांना असतो, आणि ती तो मुलांच्या नावावर खपवतात.

किंचाळण्याचं म्हणाल तर त्याला वर्गात उत्तर देता येतं. मुलांना शाळेच्या सभागृहात न्या. एकाला स्टेजवर उभं करून बोलायला लावा आणि बाकीच्यांना बाक वाजवायला सांगा. त्याचं काहीही ऐकू येणार नाही. मग सांगा, की ऑपेराचा गायक माईकशिवाय अख्ख्या वाद्यवृंदाच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती रांग सुमारे ३८०० खुर्च्यांच्या टोकाला असते. हे नुसत्या जोरावर होत नाही. तालमीने घडवलेल्या आवाजाची, विशेषतः पुरुष गायकांच्या, ताकद ३००० हर्ट्झच्या आसपास एकवटते, आणि तिथे वाद्यवृंदाचा आवाज तुलनेने विरळ असतो. गायक त्या फटीतून बाहेर येतो. विज्ञानाच्या शिक्षकांना बरोबर घ्या, ते खूश होतात. माईक येण्याआधी आपल्या गायक नटांनाही पिटातल्या प्रेक्षकापर्यंत गळ्यानेच पोचावं लागत होतं, हेही इथेच सांगून टाका.

पण "ऑपेरा म्हणजे त्यांचं संगीत नाटक" एवढ्यावर विषय संपवू नका. 'मॅजिक फ्लूट'पुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे, कारण त्यात गाण्यांच्या मधे साधे बोललेले संवाद आहेत. इतर कित्येक ऑपेरांत बोलणं नसतंच, सगळं गायलेलं असतं. आपल्याकडे १८८० च्या 'शाकुंतला'पासून नट पद घेतो, रंगला तर आळवतो, वन्समोअर घेतो, आणि तेवढा वेळ नाटक थांबतं. तिकडे सूर लिहिलेले आहेत, आणि नाटक गाण्याच्या आतच पुढे सरकतं. आणखी एक गोष्ट आपल्या रंगभूमीने कधी फारशी केली नाही: चार-पाच माणसांनी एकाच वेळी आपापलं वेगळं म्हणणं गाणं. मोझार्टच्याच 'फिगारोचं लग्न'मध्ये दुसऱ्या अंकाचा शेवट नवरा-बायकोच्या भांडणाने सुरू होतो आणि एकेक माणूस वाढत वीसेक मिनिटांत सात जणांवर जातो. बोलून सात जण एकदम भांडले तर गोंगाट होईल. इथे प्रत्येकाची बाजू कळते. ऑपेरा कशासाठी, याचं मला सापडलेलं सर्वांत पक्कं उत्तर हे आहे.

मुलांना हे करायला लावायचं असेल तर 'मॅजिक फ्लूट'मध्येच सोय आहे. तामिनोला भेटलेला पक्षी पकडणारा पापागेनो थाप मारतो की अजगर मीच मारला, म्हणून त्या तीन स्त्रिया त्याच्या तोंडाला कुलूप लावतात. पुढच्या गाण्यात तो बिचारा ओठ मिटून नुसता "हं हं हं हं" करतो, तामिनो म्हणतो मी काही करू शकत नाही, मग स्त्रिया येऊन कुलूप काढतात आणि पाचही जण मिळून गातात. वर्गाचे गट पाडा. एका गटाने ओठ घट्ट मिटून चाल गुणगुणायची, दुसऱ्याने तामिनोचं वाक्य मराठीत करून त्याच चालीवर म्हणायचं. पेटीवर चाल वाजवली की पुरते. आमच्याकडे कुलूपवाल्या गटात जायला मारामारी व्हायची, कारण शब्दांशिवाय गयावया कशी करायची हे प्रत्येकाला करून दाखवायचं होतं. आवाजांचा तक्ता इथे आपोआप येतो: त्याच ऑपेरात वरच्या टोकाला राणी आणि खालच्या टोकाला सारास्त्रोचा खर्ज. मुलं ते दोघं विसरत नाहीत.

मोझार्टचं वर्षही इथेच सांगा. सप्टेंबर १७९१ ला व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला, नाटक लिहिणारा शिकानेडर स्वतः पापागेनो झाला होता, राणीचं काम मोझार्टच्या मेहुणीने केलं, आणि दोन महिन्यांनी मोझार्ट गेला. हे ऐकून माझा वर्ग हळहळला. पहिल्या स्लाइडवर तीच तारीख दिली असती तर वहीत उतरवून घेतली असती, इतकंच.

थोडं सांभाळायचंही आहे. भाषा अडत नाही म्हणाले, पण प्रसंग आधी मराठीत रंगवून सांगावाच लागतो; राणीचं दुसरं गाणं मी अर्थाशिवाय ऐकवू शकले, कारण आदल्या दिवशी ती कोण हे मुलांना माहीत होतं. शिवाय या नाटकात बायकांबद्दल हिणकस वाक्यं आहेत, आणि सारास्त्रोच्या पदरी असलेल्या मोनोस्टाटोस या काळ्या माणसाचं चित्रण आज खटकतं. ते झाकू नका, नववीची मुलं त्यावर नीट बोलतात. पाचवी-सहावीचा वर्ग असेल तर खंजीर बाजूला ठेवा आणि हुंपरडिंकचं १८९३ चं 'हान्सेल आणि ग्रेटेल' घ्या. चित्रफिती आधी स्वतः पूर्ण बघा. मी शिकलेय ते हिंदुस्थानी गाणं, त्यामुळे पाश्चात्त्य स्वरलेखनाबद्दल मला विचारू नका. ते शिकवणारी माणसं मुंबई-पुण्यात आणि गोव्यात भरपूर आहेत.

पाच तासिकांत अख्खं नाटक दाखवायचा हट्टही नको, ते अडीच तासांच्या वर जातं. राणीची दोन गाणी, कुलूप, पापागेनोच्या जादूच्या घंट्या आणि तो व त्याची प्रेयसी पापागेना यांचं "पा-पा-पा" एवढं पुरे. आणि निरीक्षणाला कुणी आलं तर त्यांना मागे खुर्ची देऊ नका. मुलांमधे बाकावर बसवा आणि कुलपाच्या गाण्यात घ्या. शेरा त्यानंतर लिहू दे.