कोल्हापुरात मसाज थेरपीबद्दलचा गैरसमज घालवायला यात्रेत मोफत सेवा देण्याचा उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की कोर्स करून तुम्ही चौघीजणींनी राजारामपुरीत काम सुरू केलंय, पण 'मसाज' म्हटलं की लोक नाकं मुरडतात, म्हणून जोतिबाच्या चैत्र यात्रेत मोफत सेवा द्यायचं मनात आहे. मी याच व्यवसायात आहे आणि आमच्या गटाबरोबर बरीच वर्षं त्या यात्रेत सेवेला बसते. उपयोग होतो, नक्की होतो. पण पत्रकं वाटून होत नाही. तुम्ही कुणाला हात लावायला नकार देता, हे लोक बघतात तेव्हा होतो.

कोल्हापूरला मालिश काही नवी नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, आणि आजही गंगावेश तालीम काय नि मोतीबाग तालीम काय, मेहनत झाली की पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. घरात बाळंतीण असली की तेल लावायला बाई येते, तिला मान असतो. लोकांच्या मनात शंका आहे ती बंद दाराची. स्पावरच्या छाप्यांच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. तेव्हा उघड्या मांडवात बसा. मसाजची घडीची खुर्ची घ्या, माणूस त्यात छाती टेकून पुढं वाकून बसतो. तेल नको, कपडे काढायला नकोत, मान-खांदे-पाठ कपड्यांवरूनच. एकाला दहा मिनिटं पुरतात. बायकांना बायकाच. हात प्रत्येकानंतर धुवायचे, तोंड टेकायच्या उशीवरचा कागद बदलायचा, आणि हे सगळं रांगेतल्या माणसाला दिसेल असं करायचं.

आता नकाराचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे. बसवण्याआधी चार गोष्टी विचारायच्याच: ताप आहे का, साखर-बीपी आहे का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, नुकतं ऑपरेशन किंवा कुठं मार लागलाय का. बायकांना दिवस गेलेत का, तेही. एका यात्रेत मराठवाड्यातून रातभर एसटीनं आलेले एक काका आले. अंगभर गुलाल, एका पायाची पोटरी धरलेली. "बाई, जरा जोरात चोळा, गोळा आलाय." आमच्यातल्या एकीनं धोतर वर घ्यायला सांगितलं. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच सुजलेली, हाताला गरम. एकाच पायाला अशी सूज आणि तीही लांबच्या बसप्रवासानंतर, म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळली आणि ती सुटली तर फुफ्फुसात जाऊन अडकते, माणूस दगावू शकतो. तिनं काकांना चालूही दिलं नाही. वैद्यकीय पथकातल्या डॉक्टरांना तिथंच बोलावून आणलं, आणि त्यांनी तपासून थेट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पाठवलं. काका आधी चिडले होते, "एवढी रांग लावली आणि हात लावत नाही म्हणता?" पण त्यांच्यामागं उभ्या असलेल्या माणसांनी सगळं पाहिलं. त्यानंतर लोक आपणहून विचारायला लागले, तुम्ही कुठं शिकलात, किती दिवसांचा कोर्स असतो, सासूबाईंची मान आखडलीय तर आणू का. मसाजमागं शिक्षण असतं, हे आमच्या कुठल्याही बॅनरनं इतक्या लवकर पटवलं नव्हतं.

बोलताना जपून बोला. 'विषारी द्रव्यं बाहेर पडतात', 'लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं' असलं काही सांगू नका. लॅक्टिक अ‍ॅसिड मेहनत करताना स्नायूंत तयार होतं आणि दम खाल्ल्यावर तासाभरात आपोआप उतरतं. दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते स्नायूंना बारीक इजा झाल्यामुळं. मालिशीनं ते दुखणं कमी जाणवतं, आखडलेली मान-पाठ काही काळ मोकळी होते, झोप बरी लागते. एवढं खरं आहे आणि एवढं पुष्कळ आहे. गुडघ्याची झीज, सरकलेली चकती, लकवा यांची नावं काढली की सरळ डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडं पाठवा.

यात्रेकरूंइतकंच सेवेकऱ्यांकडं लक्ष द्या. सासनकाठी, म्हणजे देवाची उंच निशाणकाठी, नाचवत आणणाऱ्या पोरांचे खांदे आणि कंबर पार धरलेली असते. अन्नछत्रात पहाटेपासून मोठमोठी भांडी हलवणाऱ्या, पीठ मळणाऱ्या बायका तर स्वतःहून कधीच येत नाहीत. त्यांना दुपारी पंगती ओसरल्यावर जाऊन बोलवावं लागतं. मनगटापासून कोपरापर्यंत अंगठ्यानं हळूहळू दाबत गेलं की त्या डोळे मिटून घेतात, आणि मग गप्पा सुरू होतात. पुढं आमच्याकडं पैसे देऊन येणाऱ्या कितीतरी बायका अशाच कुणाच्या तरी सांगण्यावरून आल्या.

कार्डं टेबलावर ठेवा, हातात कोंबू नका. दानपेटी तर अजिबात नको. आणि जागेसाठी यात्रेच्या बऱ्याच आधी एखाद्या अन्नछत्राच्या मंडळाला भेटा. पाणी, मांडव आणि जवळ डॉक्टर, तिन्ही तिथं मिळतात. खुर्च्या विकत घ्यायची घाई करू नका, आमच्या दोन जास्तीच्या पडून आहेत, यंदापुरत्या घेऊन जा.